दिवसा झोपणारा शेजारी

आमचे लांजा हे मुंबई-गोवा महामार्गावर वसलेले तालुक्याचे गाव. रत्नागिरी जिल्ह्यातील इतर गावांप्रमाणेच येथील घरेही पूर्वी एकमेकांपासून अंतर राखून उभी असत. घर जांभ्या दगडाचे आणि कौलारू. पुढे पडवी, पडवीपुढे खळे, खळ्याभोवती गडगा आणि गडग्यापलीकडे आंब्या-फणसांची गर्दी. शेजाऱ्याकडे जावयाचे म्हणजे पाणंद ओलांडावी लागे, आणि त्याला हाक मारावयाची म्हणजे खळ्यात उभे राहून बेंबीच्या देठापासून ओरडावे लागे. कोकणातल्या माणसाचा आवाज मोठा असतो, अशी घाटावरची मंडळी थट्टा करतात. त्यांनी पाणंदीपलीकडच्या माणसाला कधी जेवायला बोलावलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ!

आता महामार्गाच्या आसपास इमारती उभ्या राहिल्या आहेत. अशाच एका तीन मजली इमारतीत मी राहतो. येथे बारा बिऱ्हाडे आहेत आणि बहुतेक सारी आसपासच्या वाड्यांमधून आलेली आहेत. येताना प्रत्येकाने आपले सामान आणले, कुलदेवतेची तसबीर आणली, लोणच्याच्या बरण्या आणल्या, आणि खळ्यात उभे राहून बोलण्याचा तो आवाजही बरोबर आणला. तो मात्र कोणी ट्रंकेत बंद करून ठेवला नाही.

घर बदलले की आवाजाची वाटही बदलते, हे आम्हांस येथे राहू लागल्यावर कळले. वाडीतल्या घरात कोणी मसाला कुटू लागले, तर घाव जमिनीवर बसे आणि जमीन तो मुकाट्याने गिळून टाकी. उरलासुरला आवाज जांभ्याच्या जाड भिंती अडवीत. इमारतीत मात्र एकाची जमीन ती दुसऱ्याचे छप्पर असते. मध्ये असतो तो फक्त चार-सहा इंचांचा काँक्रीटचा थर. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दगड, लोखंड, काँक्रीट यांसारख्या घट्ट पदार्थांतून तो याच्या कितीतरी पट वेगाने धावतो. तुम्ही वर्गातील बाकावर कान टेकवा आणि मित्राला दुसऱ्या टोकाशी नखाने हळूच खरवडावयास सांगा. एरव्ही जो आवाज तुम्हांला ऐकूही येणार नाही, तो कानाशी कोणी करवत चालवावी तसा ऐकू येईल. बोलण्याचा आवाज हवेतून येतो, त्याला दार-खिडकी लावून थोडेतरी अडवता येते. परंतु वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, टाकलेला पाट, आपटलेला चेंडू हे थेट काँक्रीटमध्ये शिरतात आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर उतरतात.

माझ्या शेजारच्या बिऱ्हाडात एस.टी.चे एक चालक राहतात. मुले त्यांना 'गाडीवाले काका' म्हणतात. त्यांची पाळी बहुधा रात्रीची असते. संध्याकाळी लांज्याहून निघावयाचे, रात्रभर गाडी हाकावयाची आणि सकाळी मुंबई गाठावयाची. दुसऱ्या रात्री तसेच परत यावयाचे. हा प्रवास सुमारे साडेतीनशे किलोमीटरांचा. वाटेत हातखंबा, संगमेश्वर, चिपळूण. पुढे परशुरामचा घाट, खेडजवळचा भोस्त्याचा घाट. पावसाळ्यात धुके आणि वरून ओघळणारी लाल माती. चाळीस-पन्नास माणसे मागे मान टाकून निजलेली असतात आणि साऱ्या गाडीत एकटा चालक जागा असतो. तो जागा राहावा यासाठी त्याने दिवसा झोपले पाहिजे, हे सरळ आहे. सकाळी साडेसातला काका घरी येत, आंघोळ करून पेज घेत आणि खिडक्यांवर जाड पडदे ओढून अंथरुणावर पडत.

नेमक्या त्याच वेळी त्यांच्या डोक्यावरचे बिऱ्हाड जागे होई. त्या घरचे कर्ते गृहस्थ साऱ्या इमारतीचे 'अण्णा' होते. मनाने वाईट नव्हेत. कोणाच्या घरी आजारपण आले तर रात्री-अपरात्री रिक्षा आणावयास धावतील. परंतु आपला आवाज आपल्या घराबाहेर जातो ही गोष्ट त्यांच्या ध्यानीच येत नसे, किंवा आली तरी तिचे त्यांना काही वाटत नसे. त्यांच्या वृद्ध आईस कमी ऐकू येई, म्हणून दूरदर्शनसंच मोठ्याने चाले. दोन नातू घरातच चेंडूफळी खेळत. लोखंडी खाट दिवसातून चारदा या भिंतीकडून त्या भिंतीकडे ओढली जाई. ती का ओढली जाई हे कोडे मला आजही उलगडलेले नाही. आणि दहाच्या सुमारास लोखंडी खलबत्ता वाजू लागे. घरचा मसाला करून विकण्याचा त्यांचा छोटासा व्यवसाय होता. तो खलबत्ता सुरू झाला की माझ्या भिंतीवरचे घड्याळसुद्धा थरथरे.

काकी एकदा वर गेल्या. त्या मोठ्या अदबीने म्हणाल्या, "अण्णा, हे सकाळीच मुंबईहून आलेत. दुपारपर्यंत जरा आवाज कमी ठेवाल का?"

अण्णा म्हणाले, "वहिनी, दिवसाढवळ्या का कोणी झोपते? आणि आमच्या घरात आम्ही हलावयाचे-चालावयाचे नाही की काय?"

काकी खाली आल्या. त्या काही बोलल्या नाहीत. परंतु जिन्यात उभ्या असलेल्या चार माणसांनी ते ऐकले होते. त्या दिवसापासून इमारतीत दोन पक्ष पडले. कोणी काकांच्या बाजूने केरसुणीच्या दांड्याने छत ठोकू लागले. त्याला उत्तर म्हणून वरून पाट आपटला जाऊ लागला. कोणाच्या मुलाने अण्णांच्या खिडकीखाली मोटारसायकलचा कर्णा वाजवला. आवाज कमी व्हावा म्हणून सुरू झालेल्या भांडणात आवाज दुप्पट झाला, आणि ज्यांच्यासाठी सारे चालले होते ते काका बिचारे कानांत कापसाचे बोळे घालून छताकडे पाहत पडून राहिले!

हे दुखणे आमच्यापुरते नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेनेका नावाचा रोमन तत्त्ववेत्ता काही काळ एका सार्वजनिक स्नानगृहाच्या वर राहत असे. व्यायाम करणाऱ्यांचे हुंकार, हौदात धाडकन मारलेल्या उड्या, खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या आरोळ्या यांचे मोठे गमतीदार वर्णन त्याने आपल्या एका पत्रात केले आहे. मन शांत असेल तर बाहेरच्या गोंगाटाने काही बिघडत नाही, असे तो त्या पत्रात पुष्कळ समजावून सांगतो. आणि शेवटी म्हणतो, मी आता येथून बिऱ्हाड हलवतो! एवढा मोठा तत्त्वज्ञ, पण त्यालाही अखेर जागाच बदलावी लागली.

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज हा गणिती राहत असे. आजच्या संगणकाची मूळ कल्पना मांडणाऱ्यांत त्याचे नाव घेतात. रस्त्यावर दांडा फिरवून वाद्यपेटी वाजवणाऱ्यांमुळे आपल्या कामाचा विचका होतो, म्हणून त्याने पोलीस, न्यायालये यांचे उंबरे झिजवले. अशा वादकांना आळा घालणारा कायदा तेथे १८६४ साली झालाही. परंतु बॅबेजला त्याचा फारसा उपयोग झाला नाही. त्याला चिडवण्यासाठी लोक मुद्दाम त्याच्या खिडकीखाली वाद्ये वाजवीत आणि तो बाहेर पडला की पोरांची झुंड त्याच्या मागे लागे. आमच्या जिन्यातील लढाई पाहताना मला अनेकदा त्या गणित्याची आठवण येई.

आपल्याकडेही कायदा आहे. ध्वनिप्रदूषणासंबंधीचे नियम भारत सरकारने २००० साली केले. राहत्या वस्तीत आवाज दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलपर्यंत असावा, असे त्यांत सांगितले आहे. डेसिबल हे आवाजाची तीव्रता मोजण्याचे एकक. त्याची गंमत अशी की, आकडा दहाने वाढला की ध्वनीची शक्ती दहापट होते. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीच्या शंभर मीटरांच्या शांतता क्षेत्रात ही मर्यादा आणखी खाली आहे. या नियमांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी एक महत्त्वाचा निकाल दिला. त्यामागची हकीकत ऐकण्यासारखी आहे. मोठ्या आवाजात लावलेल्या संगीतामुळे एका लहान मुलीची मदतीची हाक कोणालाच ऐकू गेली नाही. ती बातमी वाचून अनिल मित्तल नावाच्या एका अभियंत्याने १९९८ साली न्यायालयात अर्ज केला होता. गोंगाटाचा त्रास म्हणजे नाजूक कानांच्या माणसांची कुरकुर, असे समजणाऱ्यांनी ती हकीकत जरूर लक्षात ठेवावी.

पण कायद्याची रात्र दहाला सुरू होते आणि सहाला संपते. काकांची रात्र नेमकी त्यानंतर उगवते. अखेर इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेची सभा भरली, तेव्हा अण्णांनी हाच मुद्दा मांडला. ते म्हणाले, "मी रात्री दहानंतर टाचणीसुद्धा पाडत नाही. दिवसाचे काय? शिमग्यात ढोल वाजतात, गणपतीत आरत्या होतात, रात्र रात्र भजने चालतात. ती चालतात आणि माझा खलबत्ता चालत नाही?"

हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. परंतु शिमग्याची पालखी येणार हे सर्वांना आधी ठाऊक असते. ती येते, नाचते आणि निघून जाते. शिवाय ढोल वाजतो तेव्हा आपलाच कोणी तरी तो वाजवीत असतो आणि आपणही त्याच्यामागे चालत असतो. सणाचा आवाज आपण सारे मिळून करतो. रोज दहा वाजता येणारा घाव मात्र ज्याच्या डोक्यावर पडतो, त्याला कोणी विचारलेले नसते.

सभेत पुष्कळ वादावादी झाली. मग काका उभे राहिले. हा गृहस्थ एरव्ही इतका अबोल, की चार वर्षांत त्यांचे सलग चार वाक्यांचे बोलणे मी ऐकले नव्हते. ते म्हणाले, "मला कोणाची तक्रार करावयाची नाही. एक गोष्ट सांगतो. गेल्या गुरुवारी पहाटे तीनच्या सुमारास भोस्त्याच्या घाटाखाली माझ्या डोळ्यांवर झापड आली. एक क्षणच असेल. मी गाडी कडेला घेतली, खाली उतरलो, तोंडावर पाणी मारले. गाडीत चव्वेचाळीस माणसे होती. कोणालाच काही कळले नाही. पुढच्या खेपेस तो क्षण घाटाच्या खाली येईल की वर, हे मला सांगता येणार नाही."

एवढे बोलून ते खाली बसले. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. सलग सतरा तास जागा राहिलेला माणूस काही कामांत मद्य घेतलेल्या माणसाइतकाच चुकू लागतो, असे त्यांना आढळले होते. मला ते सभेत सांगावयाचे होते; परंतु काकांच्या बोलण्यानंतर त्याची काही गरज राहिली नाही. अण्णा कोणाकडेही न पाहता उठले आणि जिना चढून गेले.

त्यांनी क्षमा वगैरे मागितली नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हे. दुसऱ्या दिवशी दहा वाजले तरी खलबत्ता वाजला नाही. मी कुतूहलाने गच्चीवर गेलो, तर एका कोपऱ्यात ताडपत्रीच्या आडोशाला, गोणपाटाच्या चार घड्या घालून त्यावर खलबत्ता मांडलेला आणि अण्णांच्या सूनबाई मिरच्या कुटीत बसलेल्या. गोणपाट काढून आणि घालून, दोन्ही वेळा मी खाली माझ्या खोलीत जाऊन ऐकून पाहिले. गोणपाट घातल्यावर घड्याळ थरथरत नव्हते. आईंच्या कानांसाठी अण्णांनी पुढच्या महिन्यात श्रवणयंत्र आणले. ते लावण्यास म्हातारी प्रथम राजी नव्हती. मग एके दिवशी तिला खिडकीतून भारद्वाजाचा आवाज ऐकू आला, आणि तेव्हापासून ती ते काढावयास राजी नाही.

मुलांनी मात्र आपली वेगळीच व्यवस्था केली. जिन्याखाली वीजमीटरांच्या शेजारी त्यांनी एक पाटी टांगली. काका कामावरून आले की काकी तिच्यावर खडूने एवढेच लिहितात : 'झोपले.' दुपारी ते उठले की अक्षरे पुसली जातात. सुट्टीच्या दिवशी ती पुसली जाण्याची वाट पाहत आठ-दहा मुले फळी-चेंडू घेऊन फाटकापाशी बसलेली मी कितीदा तरी पाहिली आहेत. त्यांतला अण्णांचा धाकटा नातू सर्वांत कडक. कोणी मोठ्याने हसले, तरी तो ओठांवर बोट ठेवून डोळे वटारतो.

खाट तेवढी अजून ओढली जाते.