रिसीव्हरची किंमत आणि डोक्यावरचा पंखा

दसरा-दिवाळीचा बोनस हातात आला आणि घरात गाणं ऐकायची चांगली सोय करायचं ठरलं, की गाडी हमखास एकाच प्रश्नावर अडते: तीस-पस्तीस हजारांचा रिसीव्हर पुरेल की दोन-अडीच लाखांचाच घ्यावा? या यंत्रांची मोजमापं घेणं हेच माझं काम असल्यामुळे मी उत्तराची सुरुवात यंत्रापासून करत नाही, खोलीपासून करतो. हैदराबादच्या विद्यानगरातला कुठलाही नेहमीचा फ्लॅट घ्या. बारा बाय दहाचा हॉल, खाली गुळगुळीत फरशी, चारी बाजूंना गिलावा केलेल्या उघड्या भिंती, वर फिरणारा पंखा, खिडकीबाहेर हॉर्न, आणि काचीगुड्याकडे निघालेली एमएमटीएस लोकल. या खोलीत एका मर्यादेपलीकडे रिसीव्हरची किंमत कानाला कळत नाही, असं माझं म्हणणं आहे. मर्यादा कुठली, ते महत्त्वाचं. कारण ‘सगळे सारखेच’ हेही खरं नाही.

आधी वॅटचं, म्हणजे रिसीव्हरमधल्या ॲम्प्लिफायरच्या ताकदीचं, पाहू. कोठीच्या गुजराती गल्लीत स्पीकर आणि ॲम्प्लिफायरच्या भाऊगर्दीत पहिला प्रश्न तोच ऐकू येतो: किती वॅट? एकेकाळी टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’ या नावाखाली हजारो वॅटचे आकडे छापलेले असत. त्यांचा ऐकण्याशी काडीचा संबंध नव्हता. अमेरिकेत असल्या आकड्यांना आळा घालायला १९७४ साली सरकारी नियमच करावा लागला: दोन्ही बाजू एकदम चालवून, विरूपण (डिस्टॉर्शन) किती ते सांगून, मगच वॅट जाहीर करायचे. आता प्रत्यक्ष हिशेब. साधारण घरगुती स्पीकरला १ वॅट दिला तर १ मीटरवर सुमारे ८६ डेसिबल आवाज मिळतो. दोन स्पीकर आणि अडीच-तीन मीटरवरचा सोफा धरला तर कानाशी ८२-८३ उरतो. निवांत ऐकताना सरासरी पातळी ७२-७३ असते, म्हणजे लागतो वॅटचा दहावा हिस्सा. तबल्याची जोरकस थाप त्याहून २० डेसिबल वर गेली तरी १० वॅट पुरतात. आणि ५० वॅटऐवजी १०० वॅटचं यंत्र घेतलं तर हाती लागतात अवघे ३ डेसिबल. आवाज दुप्पट वाटायचा तर दसपट वॅट हवेत. मोठं सभागृह असेल, किंवा ४ ओहमचे हट्टी स्पीकर असतील, तर जाडजूड ट्रान्सफॉर्मरचे पैसे वसूल होतात, हे मान्य. बारा बाय दहात ते ट्रान्सफॉर्मरच्या वजनातच राहतात.

मग शुद्धतेचं काय? महागड्या यंत्राच्या माहितीपत्रकात विरूपण ०.००२ टक्के असतं, स्वस्तातल्यात ०.०५. वाचताना पंचवीसपट फरक दिसतो. पण ०.१ टक्का विरूपण म्हणजे मूळ आवाजाच्या ६० डेसिबल खाली. गाणं ८५ डेसिबलला पोचलेलं असताना ही घाण २५ डेसिबलवर असते, आणि डोक्यावरचा पंखा मध्यम वेगातही ४०च्या आसपास असतो. शिवाय खुद्द गाणं तिला झाकतं ते वेगळंच. ज्या स्पीकरमधून हे सगळं बाहेर पडायचं, तो खालच्या स्वरांत स्वतःचं एक-दोन टक्के विरूपण सहज मिसळतो. आणि आपण ऐकतो काय? अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची खरखर गाण्याच्या चाळीसेक डेसिबल खाली असते. तीन लाखांच्या रिसीव्हरला ती खरखर नेमकी तेवढीच इमानदारीने वाजवता येते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: आकडे ठेवा बाजूला, फरक ऐकू येतो. येतो, पण कशाचा? ब्रिटनमध्ये क्वाड कंपनीच्या तीन पिढ्यांच्या ॲम्प्लिफायरांची, जुन्या व्हॉल्व्हवाल्यापासून नव्या ट्रान्झिस्टरवाल्यापर्यंत, पडद्याआड तुलना झाली आणि ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात १९७८ साली तिचा वृत्तान्त आला. जाणत्या कानांनाही ती ओळखता आली नाहीत. जानेवारी १९८७ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने दोनशेवीस डॉलरच्या पायोनिअर रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरपर्यंतची यंत्रं अशीच ऐकवली. फरक मानणारे आणि न मानणारे, दोघांचीही उत्तरं नाणं उडवल्यासारखी निघाली. अशा चाचणीत दडपण येतं, कान गोंधळतो, असं म्हणतात. पण असल्याच पडदाबंद चाचणीत हेच कान दोन स्पीकरांतला फरक लीलया सांगतात, तेव्हा दडपण कुठे जातं? ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर दाखवून आणि झाकून, दोन्ही प्रकारे ऐकवले. दाखवून ऐकवताना आकार आणि नाव यांनी मतं फिरवली. दुकानात तर याहून साधी गोष्ट घडते. एक यंत्र अर्ध्या डेसिबलने मोठं वाजलं की ते ‘मोठं’ वाटत नाही, ‘खुललेलं’ वाटतं. आवाज मीटरवर जुळवल्याशिवाय केलेली तुलना ही तुलनाच नव्हे. व्हॉल्व्हच्या ‘उबेचा’ अपवाद मात्र करायला हवा. काही व्हॉल्व्ह यंत्रांचा आउटपुट रोध इतका जास्त असतो की स्पीकरचा स्वरतोल खरोखर बदलतो. ती ऊब भ्रम नाही, पण ती शुद्धताही नाही.

अगदी तळाच्या मालातले दोष मात्र पडदा न लावताही ऐकू येतात: शांततेत गुणगुण, आवाज कमी केला की एक बाजू आधी गप्प होणं, थोडं चढवलं की चिरकणं. ही पायरी ओलांडली की झालं. पुढचे पैसे कशाचे, तर सात-नऊ चॅनेलचे, सिनेमाच्या परवान्यांचे, जाड पत्र्याचे. नुसतं गाणं ऐकायचं तर दोन चॅनेलचा साधा ॲम्प्लिफायर त्याच किमतीत अधिक देतो. टिकाऊपणासाठी जास्त मोजणाऱ्यांशी माझं भांडण नाही. हैदराबादच्या मे महिन्यात काचेच्या शोकेसात कोंडलेलं यंत्र तापून लवकर म्हातारं होतं, दर्जेदार कपॅसिटर तिथे जास्त वर्षं काढतो. फक्त याला आवाजाचा फरक म्हणू नये.

आवाजाचा खरा फरक करते ती पुन्हा खोलीच. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झला लाट अडकते, दहा फुटांच्या रुंदीत ५६ला. छत दहा फुटांवर असेल तर तीच ५६ दुणावते. दोन्ही भिंतींत मिळून आणखी एक लाट ७३च्या आसपास. काळी एकला लावलेल्या मर्दानी तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झवर असतो. म्हणजे तो नेमका या घुमटीत सापडतो: एका खुर्चीवर ढोलासारखा घुमतो, हातभर सरकलं की नाहीसा होतो. हा चढउतार १० डेसिबलच्याही पुढे जातो, आणि कुठल्याही दोन बऱ्या रिसीव्हरांतल्या फरकाच्या तो कैक पट असतो. स्पीकर कोपऱ्यातून फूटभर पुढे ओढणं, मागच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट, खाली सतरंजी, यांचा खर्च किती? रिसीव्हरमध्ये जास्त पैसे घालायचेच असतील तर मायक्रोफोन लावून खोली मोजणारी आणि आवाज तिच्यानुसार सुधारणारी सोय बघून घालावेत. खोली जिथे फुगवते तिथे ही सोय चांगली कापते. जिथे स्वर गिळलाच जातो तिथे तिचाही इलाज चालत नाही.

आणि एक बटण, ज्याची टिंगल फार झाली. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं की आवाज हळू केला की कानाला खर्ज इतर स्वरांपेक्षा फार लवकर ऐकू येईनासा होतो. जुन्या स्वस्त रिसीव्हरांवर यासाठी ‘लाउडनेस’ बटण असे. ते दाबलं की हळू आवाजातही खालचे स्वर जागेवर येत. ‘शुद्ध’ आवाजाच्या नावाखाली महागड्या यंत्रांनी ते काढलं, पुष्कळांनी जाड-बारीक स्वरांच्या खुंट्याही काढल्या. यामाहाच्या काही स्टिरिओ ॲम्प्लिफायरांवर ते आजही आहे, कमी-जास्त करता येणाऱ्या खुंटीच्या रूपात. रात्री साडेदहाला, शेजारच्या भिंतीपलीकडे दहावीचा अभ्यास चालू असताना, आवाज ५५ डेसिबलवर ठेवून मालकंस ऐकायचा असेल, तर अडीच लाखांच्या निर्मळ यंत्रातून तानपुऱ्याची वरची जवारी तेवढी येईल. षड्ज ऐकवेल तो ते बटण असलेला जुना रिसीव्हर.