फ्यूज कुणासाठी उडतो?

बंद पडण्याला आपल्या भाषेत किती तऱ्हेचे शब्द आहेत! घड्याळ थांबते, रेडिओ बिघडतो, गाडी बंद पडते, विहिरीवरची मोटर जळते. या प्रत्येक शब्दात थोडी आशा शिल्लक असते. थांबलेले पुन्हा चालेल, बिघडलेले सुधारेल, जळलेल्या मोटरीला नवे वाइंडिंग भरता येईल. संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या बोलीत मात्र एक शब्द असा आहे की, त्यात आशेला जागाच ठेवलेली नाही. ते म्हणतात, ‘बोर्ड डेड आहे.’ डेड म्हणजे मेलेला. आणि मेलेल्याची नाडी कोण कशाला बघेल?

मित्रहो, मला सांगायचे आहे ते अशी नाडी बघणाऱ्या एका माणसाविषयी. मी इतिहासाची विद्यार्थिनी. व्होल्ट आणि अँपिअर यांच्याशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला होता. तो पुन्हा जोडला गेला माझ्या मामांमुळे.

मामांचे धुळ्याला हमरस्त्यावर ट्रक दुरुस्तीचे गॅरेज आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्याशी एकमेकांना छेदतात; त्यामुळे तिथल्या मेकॅनिकला देशभरच्या गाड्यांचे दुखणे माहीत. पूर्वी मामा स्क्रू-ड्रायव्हरचे एक टोक इंजिनावर आणि दुसरे कानाला लावून आतला बिघाड सांगत. पण १ एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे नियम आले, आणि ट्रकच्या इंजिनाचा कारभार मुख्यतः इलेक्ट्रॉनिक पेटीच्या हाती गेला. त्या पेटीशी बोलायचे तर कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून भागत नाही, लॅपटॉप लागतो. पन्नाशीतल्या मामांनी तो घेतला आणि शिकलेसुद्धा. जुनाच घेतला, पण दणकट जातीचा.

दणकट म्हणजे खरोखरच दणकट. या जातीचे लॅपटॉप आपल्या कॉलेजच्या ऑफिसातल्यासारखे नाजूक नसतात. अंगावर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे कवच, सांध्यांना रबरी पट्ट्या, बाजूच्या छिद्रांना झाकणे. जपानच्या पॅनासॉनिक कंपनीने १९९६ साली ‘टफबुक’ या नावाने अशी मालिका सुरू केली. पुढे इतर कंपन्याही या वाटेने आल्या. अशा यंत्रांची परीक्षा घेताना अमेरिकी सैन्याने १९६२ साली प्रथम काढलेली ‘मिल-स्टँडर्ड ८१०’ ही कसोटी लावतात. त्यात आपटणे, हादरणे, धूळ, ऊन, सगळे येते. मामांचा लॅपटॉप कोणत्या कंपनीचा, हे इथे महत्त्वाचे नाही. तो ट्रकच्या पायरीवरून दोनदा पडूनही चालत होता, एवढे पुरे.

तोच मे २०२४ मध्ये एका दुपारी गप्प झाला. बटन दाबले तरी दिवा नाही, पंखा नाही, काही नाही. खानदेशातला मे महिना तुम्हाला सांगायला नको. मामांनी धुळ्यातच एका दुकानात दाखवला. तिथे दहा मिनिटांत निकाल लागला : ‘बोर्ड डेड आहे, नवीन घ्या.’ मामांचा फोन आला तो अहिराणीतच. मन हलले की मामा अहिराणीवर येतात. “मशीन मरी गयं वं माय. आते काय करो?”

नवीन घ्या म्हणणे सोपे आहे. तसा नवा दणकट लॅपटॉप लाखाच्या पुढे जातो. शिवाय मामांची जुनी केबल नऊ पिनांच्या सॉकेटात बसते, आणि ते सॉकेट आता नेहमीच्या लॅपटॉपला येतच नाही. गाड्या तपासण्याच्या प्रोग्रॅमचा परवानाही त्याच एका मशीनला बांधलेला. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली असती, तर फाइली मिळाल्या असत्या, परवाना मिळाला नसता. इकडे गाड्या समोरच्या गॅरेजला वळू लागल्या होत्या. मामेबहिणीच्या अकरावीच्या प्रवेशाची फी जूनमध्ये भरायची होती.

मी म्हटले, “मामा, मी सुट्टीला आलेच आहे, जाताना जळगावला घेऊन जाते. तिथे दाखवू.” मामा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “ने. मेलेलं अजून काय मरणार?”

एस. टी.त मांडीवर ते ओझे घेऊन पारोळा, एरंडोल करत, गिरणेचा पूल ओलांडून मी जळगावला आले. गोलाणी मार्केटच्या बाजूला एका गाळ्यात बसणाऱ्या एका गृहस्थांचे नाव मैत्रिणीच्या भावाने सुचवले होते. सगळे त्यांना नाना म्हणतात. तरुणपणी रेडिओ, मग टीव्ही, आता लॅपटॉप. मला वाटले होते, ते यंत्र उघडून तडक आत काहीतरी खुपसतील. त्यांनी आधी मलाच विचारायला सुरुवात केली. एकदम बंद पडले की आधी कुरकुर करत होते? पाणी सांडले होते का? आधी कुणी उघडले का? जेवढे ठाऊक होते तेवढे मी सांगितले, उरलेले मामांना फोन करून विचारले.

मग त्यांनी बॅटरी काढून बाजूला ठेवली आणि चार्जर मीटरला लावला. सोळा व्होल्ट, चार्जर निर्दोष. स्क्रू काढताना ते कागदावर काढलेल्या चौकोनात जागच्या जागी मांडत गेले. “याच्या आत धूळ जाऊ नये म्हणून एवढा बंदोबस्त केलाय. एक स्क्रू चुकला की तो गेला.” हिरवा बोर्ड बाहेर आला. त्यावर कुठेही जळाल्याची खूण नव्हती. चार्जरची पिन जिथे लागते तिथे वीज पोचत होती. तिथून बोटभर पुढे नव्हती. मध्ये तांदळाच्या कणीएवढा एक फ्यूज होता, तो उडालेला.

मी आनंदाने म्हटले, “म्हणजे हा बदलला की झालं!”

नाना हसले. “बेटा, फ्यूज स्वतःसाठी नाही उडत. कुणाला तरी वाचवायला उडतो. आधी तो ‘कुणी’ शोधायचा. नाहीतर नवा बसवू, तोही उडेल.”

त्यांनी फ्यूजच्या पुढची तार आणि जमीन म्हणजे ग्राउंड यांमधला रोध मोजला. निरोगी बोर्डावर तिथे हजारांत आकडा येतो. इथे आला अर्धा ओहमसुद्धा नाही. म्हणजे पुढे कुठेतरी शॉर्ट. पण कुठे? त्या एका वाटेवर तिळाएवढे कितीतरी कपॅसिटर शेजारी शेजारी उभे होते, सगळे सारखे. मीटरला त्यातला प्रत्येक जण दोषीच दिसत होता, कारण सगळे एकाच तारेवर जोडलेले.

पुढे त्यांनी जे केले ते मी विसरणार नाही. टेबलावरच्या सप्लायमधून, सोळा नव्हे, फक्त एक व्होल्ट त्या तारेत सोडला. एवढ्याशाने निरोगी भागांना इजा होत नाही. काटा अडीच अँपिअरच्या आसपास गेला. मग ब्रशने बोर्डावर साफसफाईचे अल्कोहोल पसरले. सगळा बोर्ड ओला चमकू लागला. आम्ही दोघे वाकून बघत होतो. काही क्षणांत एकाच तिळाभोवतीचा ओलावा उडाला; बाकी सगळे ओले, तेवढा एकच कोरडा. जो आतून तापत होता त्याने स्वतःच आपले नाव सांगितले.

गरम हवेने नानांनी तो उचलला. मीटरवर रोध लगेच हजारांत चढला. एका टाकाऊ बोर्डावरचा तेवढ्याच क्षमतेचा आणि तेवढाच व्होल्ट सोसणारा कपॅसिटर तिथे बसवला आणि फ्यूज सगळ्यांत शेवटी. बटन दाबल्यावर हिरवा दिवा लागला. मी विचारले, “हा तीळ मेला कशाने? उन्हाने, की पडल्यामुळे?” नाना म्हणाले, “असे कपॅसिटर हादऱ्याने, बोर्ड वाकल्याने चिरतात. उन्हानेही जातात. याला नेमकं काय झालं ते हा सांगत नाही, तर मी कशाला सांगू?”

हे वाक्य ऐकताना मला धुळ्याचीच आठवण झाली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले आणि त्यांचे दप्तर सांभाळायला १९२७ साली तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. गावोगाव हिंडून त्यांनी जुनी कागदपत्रे मिळवली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड प्रसिद्ध केली. त्या काळच्या पुष्कळ पत्रांवर नुसता चंद्र आणि महिना असतो, वर्ष नसतेच. वाचणाऱ्याने आतल्या मजकुरावरून, कोण कुठल्या छावणीत आहे, कुणाचा मृत्यू झाला आहे, यावरून वर्ष ठरवायचे. आणि पुरावा जिथे थांबतो तिथे आपणही थांबायचे. आम्हाला वर्गात शिकवतात ते हेच. नानांच्या गाळ्यात मला ते हातांनी केलेले दिसले.

बोर्डाचा नकाशा कंपन्या सहसा बाहेर देत नाहीत. आपल्याकडे २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या प्रश्नावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे संकेतस्थळ सुरू झाले. युरोपीय संघाने २०२४ साली त्याबद्दल निर्देश काढला. हक्क मिळायलाच हवा. पण हक्काआधी एक सवय लागते : ‘मेले’ म्हणण्यापूर्वी क्रमाने विचारत जाण्याची.

नानांनी दोन तास यंत्र चालवून पाहिले आणि अठराशे रुपये घेतले. चौथ्या दिवशी मामांच्या गॅरेजात पुन्हा ट्रक उभा राहिला. फी वेळेत भरली गेली.

मला मात्र तेव्हापासून एक खोड लागली आहे. आमच्या वर्गाच्या हजेरीपटावर काही नावांपुढे दिवाळीनंतर लागोपाठ गैरहजेरी लागत जाते. मग ते नाव कमी होते आणि ‘शिकायची आवडच नव्हती’ असे म्हणून आपण मोकळे होतो. तो नुसता उडालेला फ्यूज असतो. पुढे कुठे काय तापले आहे? गावाची सकाळची एस. टी. बंद झाली, की कापूस वेचायला घरात हात कमी पडले, की लग्न ठरले? विचारल्याशिवाय कसे कळणार? यंदा आमच्या वर्गातून अशी तीन नावे कमी झाली आहेत. त्यांतल्या एकीचे गाव पारोळ्याच्या अलीकडे, धुळ्याच्या वाटेवरच आहे. पुढच्या रविवारी मी तिथे उतरणार आहे.