लेखणीचे पाचारण

मराठी ख्रिस्ती समाजाच्या परिभाषेत ‘पाचारण’ या शब्दाला खास अर्थ आहे. व्यवहारात पाचारण म्हणजे अधिकाराने किंवा निकडीने केलेले बोलावणे. धर्मजीवनात मात्र एखाद्याला विशिष्ट कार्यासाठी देवाचे बोलावणे येते आणि त्याला होकार दिला की पुढच्या आयुष्याची दिशा ठरून जाते, असा त्याचा आशय असतो. धर्मगुरू होणाऱ्या किंवा व्रतस्थ जीवन पत्करणाऱ्या व्यक्तींच्या संदर्भात तो प्रामुख्याने योजला जातो. लेखनाचा संबंध प्रतिभेशी जोडण्याची रीत असल्यामुळे लेखनालाही पाचारण म्हणावे काय, हा प्रश्न वरकरणी अनाठायी वाटतो. परंतु रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यातून त्यांच्या लेखणीचा माग काढत गेल्यास त्याचे उत्तर हळूहळू हाती लागते.

टिळकांच्या हाती लेखणी आली ती ख्रिस्तश्रद्धेच्या पुष्कळ आधी. कोकणातील करजगाव येथे १८६१ मध्ये चित्पावन ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले टिळक तरुणपणी एका गावी फार काळ टिकले नाहीत. शिक्षकी, पुराणकथन, कीर्तन अशी कामे करीत आणि शीघ्रकवित्वाच्या बळावर मैफली जिंकीत ते भटकत राहिले. पुढे नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते ग्रंथसंपादनात रमले आणि ‘ऋषी’ नावाचे धर्मचर्चेचे मासिकही त्यांनी चालवले. कसब होते, श्रोतेही होते, पण हे सारे कोणाच्या चरणी वाहायचे, हे ठरलेले नव्हते. जातिभेदाने दुभंगलेल्या देशाला सांधील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना छळत असतानाच रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’, म्हणजे येशूचे चरित्र आणि त्याच्या शिष्यांची पत्रे ज्यात आहेत तो बायबलचा उत्तरभाग, ठेवला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने, म्हणजे दीनांना आणि शांती करणाऱ्यांना धन्य म्हणणाऱ्या उपदेशाने, त्यांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा जलसंस्कार, स्वीकारला.

धर्मांतरानंतर टिळकांपुढे संसाराइतकाच बिकट प्रश्न भाषेचा होता. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूने, गोव्यात सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचून ते १६१६ मध्ये छापून घेतले होते, तर अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांनी देशी चालींवरील गीते आणि ख्रिस्ती कीर्तने यांचा पायंडा पाडला होता. तरीही मिशनच्या उपासनेत इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे परक्या चालींवर ओढूनताणून बसवून गाइली जात, आणि ‘मिशनरी मराठी’ असे नाव मिळालेली ती भाषा ऐकणाऱ्याला ख्रिस्तही परकाच वाटे. टिळकांची धारणा नेमकी याच्या उलट होती. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत. त्यामुळे पैलतीरी पोहोचल्यावर पूल मोडून टाकण्याचा विचार त्यांना शिवला नाही, उलट त्याच पुलावरून इतरांना आणणे हे त्यांनी आपले काम मानले.

‘अभंगांजली’ या त्यांच्या उत्तरकाळातील रचनेत हे काम स्पष्ट दिसते. अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा, म्हणजे आपल्या नावाची खूण, गुंफण्याचा संतांचा प्रघात आहे. टिळकांनी तो पाळला, पण खूण म्हणून आपले नाव न घालता ‘दास’ हा शब्द निवडला. ज्या शीघ्रकवीने एके काळी सभांतून वाहवा मिळवली होती त्याने नावाच्या जागी सेवकपण लिहावे, ही केवळ शैलीची बाब नव्हे. बोलावणे ज्याचे, शब्द त्याचे, ही जाण त्या एका शब्दात सामावली आहे.

१९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ मध्ये मात्र त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा ‘देवाचा दरबार’ साताऱ्यात सुरू केला. पगार सुटला, पण लेखणी सुटली नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा येशूचे चरित्र सांगणारे, ‘रामायणा’शी नाते सांगणारे नाव धारण केलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवरच थांबले होते.

प्रतिभा आणि पाचारण यांतील भेद येथे कळतो. प्रतिभा व्यक्तीबरोबर संपते, म्हणून कवी गेल्यावर त्याचे काव्य अपुरे राहणे स्वाभाविक मानले जाते. बोलावणे मात्र दुसऱ्याला ऐकू येऊ शकते. ‘ख्रिस्तायना’च्या बाबतीत ते ऐकू आले टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या आणि पतीकडून अक्षरे शिकलेल्या या बाईंनी पतीच्या धर्मांतरानंतर त्याच्यापासून दूर, पंढरपूरला नातलगांकडे दिवस काढले होते. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना एकेक करून गळून पडल्यावर, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या खात्रीने, त्यांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांची श्रद्धा उसनी नव्हती, म्हणूनच पतीचे अपुरे काव्य हाती घेताना त्यांची लेखणीही उसनी ठरली नाही. ज्या बाईंच्या ‘स्मृतिचित्रां’नी मराठी आत्मचरित्राला घरगुती बोलीचे मोल दाखवून दिले, त्याच बाई वृद्धापकाळी या महाकाव्याचा एकेक अध्याय रचीत होत्या.

या दोन आयुष्यांतून लेखनाच्या पाचारणाची कसोटी हाती येते. श्रद्धेचा विषय निवडल्याने लेखन पाचारण होत नाही, तसेच कौशल्य मोठे असल्यानेही होत नाही. लिहिणाऱ्याला आपले नाव दुय्यम वाटू लागणे आणि काम आपल्यापाशी संपू नये अशी ओढ लागणे, ही त्याची खूण होय. लक्ष्मीबाईंनी ‘ख्रिस्तायना’त चौसष्ट अध्यायांची भर घातली. १९३६ मध्ये त्या गेल्या आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्यांनी तो रचला त्या दोघांनीही तो छापलेला पाहिला नाही.