तुह्यासमोर चाललं होतं का?

दिवाळीत धुळ्याला काकांकडे गेलो होतो, तर धाकट्या चुलत भावाने मला गच्चीवर गाठलं. तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर ब्रँचला. हातातल्या फोनवर दोन तासांचा एक पॉडकास्ट अर्ध्यावर थांबवलेला. म्हणाला, "दादा, खरं सांग. कोडिंग संपलं ना? ब्रँच बदलू का? की सरळ एमपीएससीच्या मागे लागू?"

"कोण म्हणतं संपलं?"

त्याने स्क्रीन पुढे धरली. दोन मोठे माइक, मागे निळे-जांभळे दिवे. एका खुर्चीत कुठल्याशा एआय कंपनीचा संस्थापक, दुसरीत मान डोलावणारा होस्ट. संस्थापक सांगत होता की दोन वर्षांत प्रोग्रामर नावाची जमात उरणार नाही. होस्ट म्हणत होता, 'माइंड ब्लोइंग'. तुमच्याकडे आज किती प्रोग्रामर आहेत आणि तुमच्या वेबसाइटवर भरती का चालू आहे, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

एरवी मी हसून विषय सोडला असता. पण अशाच एका खोलीत मी स्वतः बसलेलो आहे, कॅमेऱ्याच्या मागे, मांडीवर लॅपटॉप घेऊन. त्या खोलीचं काय झालं हे मी घरात कुणाला नीट सांगितलं नव्हतं. त्या रात्री त्याला सांगितलं. इथेही सांगतो.

त्याआधी एक जुनी गोष्ट. २०१६ सालची. तेव्हा मी जळगावला फर्स्ट इयरला होतो, आज भाऊ आहे जवळपास तेवढाच. १७ फेब्रुवारीला पेपरात पानभर जाहिरात आली: फ्रीडम २५१. अख्खा स्मार्टफोन, २५१ रुपयांत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बुकिंग सुरू होणार होतं. आम्ही चार-पाच जण पहाटे उठून बसलो. डिलिव्हरीचे ४० धरून २९१ रुपये, एवढे सगळ्यांकडे होते. साइट उघडलीच नाही. आम्ही दिवसभर हळहळलो. घरी फोन केला तर पप्पा म्हणाले, "अरे, एवढ्यात शर्ट शिवून होत नाही, फोन कसा येईल?" मला वाटलं, यांना टेक्नॉलॉजी कळत नाही.

पण ज्या पत्रकारांनी तो फोन हातात घेऊन उलटून-पालटून पाहिला, त्यांना दुसरीच गोष्ट दिसली. नमुन्याच्या फोनवर ॲडकॉम या दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं आणि त्यावर व्हाइटनर फासलेलं होतं. पुढे ॲडकॉमने सांगितलं की हे हँडसेट आम्ही त्यांना साधारण ३,६०० रुपयांना विकले होते. कंपनी मात्र सात कोटींवर नोंदण्या झाल्याचं सांगत होती. साधारण वर्षभराने कंपनीच्या संचालकाला फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली.

म्हणजे जाहिरात छापणारा पेपर आणि व्हाइटनर दाखवणारा पत्रकार एकाच धंद्यातले. फरक एवढाच की एकाने सांगितलेलं छापलं, दुसऱ्याने वस्तू हातात घेतली.

आता माझी खोली.

डिग्रीनंतर काही वर्षांनी मी पुण्यात एका स्टार्टअपमध्ये लागलो. शेतीचं ॲप होतं. पानाचा फोटो काढायचा, तीन सेकंदांत रोगाचं नाव येतं. पिकांत केळीही होती, म्हणून मला ते आपल्या घरचं काम वाटायचं. आमच्या जळगाव जिल्ह्यात, रावेर-यावलकडे, केळी म्हणजे घरातल्या लग्नापासून पोरांच्या फीपर्यंत सगळं काही.

लाँचच्या डेमोत दाखवायची पानं आधीच ठरलेली होती. सहा पानं. त्याच पानांच्या फोटोंवर मॉडेल घोटून घेतलेलं, त्यामुळे चुकायचा प्रश्नच नव्हता. शेतातून आलेल्या ताज्या फोटोंवर तेच मॉडेल दहापैकी चार-पाच वेळाच बरोबर यायचं. ही चाचणी मीच घेतली होती. तो आकडा एका स्प्रेडशीटमध्ये होता आणि ती स्प्रेडशीट माझ्या लॅपटॉपवर होती.

लाँचनंतर एक नावाजलेला टेक पॉडकास्टर आला. त्याचे प्रश्न दोन दिवस आधी मेलवर आले होते. मार्केटिंगने त्यातले दोन खोडून परत पाठवले. रेकॉर्डिंगमध्ये आमचे संस्थापक म्हणाले, "आमची अचूकता ९५ टक्के आहे." होस्ट म्हणाला, "वाव." मी पाच फुटांवर बसलो होतो. मधल्या चहाच्या ब्रेकमध्ये त्याने मला विचारलं, "इथेच काम करतोस? भारी वाटत असेल ना?"

मी म्हटलं, "हो."

मला विचारला गेलेला हा एकमेव प्रश्न. आणि उत्तर खरं होतं, मला भारी वाटत होतं. एपिसोड आला त्या दिवशी मीच लिंक फॅमिली ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, 'आमचं प्रॉडक्ट.'

यावल तालुक्यात माझ्या मामांची चार हजार खोडं होती. त्यांनी एपिसोड पाहिला, भाच्याची कंपनी म्हणून कौतुकाने ॲप घेतलं. पावसाळ्यात काही पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागले, तेव्हा फोटो काढला. ॲपने सांगितलं, अन्नद्रव्यांची कमतरता. मामांनी खताचा डोस दिला आणि दोन आठवडे वाट पाहिली. तो हरण्या होता, कुकुंबर मोझॅक व्हायरस. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि त्याला औषध नाही. लागण झालेली झाडं दिसताक्षणी उपटून बागेबाहेर नष्ट करायची, एवढाच उपाय. मामांनी उलट त्यांना खत घालून जपलं. शेवटी आठशेच्या आसपास झाडं उपटावी लागली.

त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

"भाऊ, मले एवढंच सांग. हे तुह्यासमोर चाललं होतं का खरंच?"

मी म्हटलं, "मामा, सहा पानांवर चाललं होतं."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग आमचं सातवं निघालं."

मी तडक राजीनामा दिला, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. दिला नाही. एज्युकेशन लोनचे हप्ते होते. आठ महिन्यांनी दुसरी नोकरी मिळाली, मग सोडली.

त्या दिवसांत मला टेक मीडियावर टीका करणारे व्हिडिओ बघायचा नादच लागला. कोण कुणाच्या खर्चाने लाँचला जातं, लाँचआधी फोन कुणाला मिळतो, 'पेड पार्टनरशिप'ची पट्टी कोण किती बारीक लावतं. जाहिरात असेल तर तसं स्पष्ट लिहा, असा नियम आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने इन्फ्लुएन्सरसाठी २०२१ सालीच केला आहे. पण आमच्या एपिसोडला पैसे दिलेच नव्हते. तिथे पट्टी लावायला काही नव्हतंच. होस्टला पुढच्या महिन्यात आमच्याहून मोठ्या कंपनीचा संस्थापक हवा होता, आणि अडचणीत आणणाऱ्या होस्टकडे संस्थापक येत नाहीत. प्रश्न न विचारणं हेच त्याचं भाडं होतं.

हा रोग फक्त पॉडकास्टवाल्यांना असतो असंही नाही. अमेरिकेत रॉजर पार्लॉफ नावाच्या अनुभवी पत्रकाराने २०१४ साली 'फॉर्च्युन' मासिकात थेरानोस या रक्तचाचणीच्या कंपनीवर मुखपृष्ठकथा लिहिली. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तात कितीतरी चाचण्या, असा दावा होता. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या जॉन कॅरीरूने दाखवलं की कंपनी दोनशेहून जास्त चाचण्या विकते, पण २०१४च्या अखेरीस तिच्या स्वतःच्या यंत्रावर त्यातल्या जेमतेम १५ होत होत्या. कॅरीरूला हे कुठून कळलं? कंपनीत काम केलेल्या माणसांकडून. प्रयोगशाळेतल्या एरिका चंग आणि टायलर शुल्ट्झसारख्या विशीतल्या पोरांनी तोंड उघडलं म्हणून. पार्लॉफचं मात्र मला कौतुक वाटतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्याने आपली दिशाभूल कशी झाली आणि आपण कुठे कमी पडलो, यावर स्वतःच लेख लिहिला. असा लेख लिहिणारे फार थोडे.

एरिका चंगबद्दल वाचलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवला. पॉडकास्टरने मला विचारलं नाही हे खरं. पण सांगायला मला कुणी अडवलंही नव्हतं.

मग संशयखोर बरोबर आणि पॉडकास्टर चूक, असं म्हणून मोकळं व्हावं का? काही महिने मी तसंच केलं. प्रत्येक लाँचवर 'सब स्कॅम है' अशी कमेंट टाकायचो. हळूहळू लक्षात आलं की वस्तू मीही हातात घेत नाहीये. मान डोलावणारा न बघता 'हो' म्हणतो, मी न बघता 'नाही' म्हणत होतो. मेहनत दोघांचीही सारखीच, म्हणजे शून्य.

मार्च २०२४मध्ये डेव्हिन नावाचा 'पहिला एआय सॉफ्टवेअर इंजिनीअर' आला. फ्रीलान्सिंगचं खरं काम करून पैसे कमावतो, असा व्हिडिओ फिरला आणि टेकच्या बातम्यांत तो तसाच उचलला गेला. पुढच्याच महिन्यात एका जुन्या प्रोग्रामरने यूट्यूबवर तो व्हिडिओ जवळजवळ फ्रेम-फ्रेम थांबवून तपासला. ग्राहकाने मागितलेलं काम वेगळं होतं, आणि डेव्हिन ज्या चुका दुरुस्त करत होता त्यातल्या काही त्याने स्वतःच तयार केलेल्या फाइलींत होत्या. त्याने शिव्या दिल्या नाहीत. तेच काम स्वतः करून पाहिलं आणि किती वेळ लागला तो सांगितला.

त्याच एप्रिलमध्ये मार्केस ब्राउनली या यूट्यूबरने ह्युमेन कंपनीच्या ६९९ डॉलरच्या एआय पिनला आजवरचं सगळ्यात वाईट प्रॉडक्ट म्हटलं. तेव्हा लोक त्याच्यावरच उलटले, की एवढ्या मोठ्या चॅनलवाल्याने नव्या कंपनीला असं बुडवू नये. फेब्रुवारी २०२५मध्ये ह्युमेनची बरीचशी मालमत्ता एचपीने विकत घेतली आणि लोकांनी घेतलेल्या पिन बंद पडल्या. ब्राउनलीने केलं एवढंच होतं की ती पिन वापरली आणि काय झालं ते सांगितलं.

हे सगळं मी भावाला सांगत होतो ते धुळ्यात, हा योगायोगच. दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीवर मागे बसून राजवाडे संशोधन मंडळावरून गेलो. दिवाळीमुळे बंद होतं. तो याच गावात वाढला, पण कधी आत गेलेला नाही. मीही राजवाड्यांना शाळेत दोन मार्कांपुरतंच ओळखायचो.

वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांनी जमवलेले कागद या मंडळाने सांभाळले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यात १७५० ते १७६१, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रं आहेत. तोवर इतिहास म्हणजे बहुतेक बखरी. राजवाड्यांनी त्या दिवसांत लिहिली गेलेली पत्रं समोर ठेवली आणि बखरीतल्या तारखा नि प्रसंग कसे चुकतात ते दाखवलं. बखर वाचायला रंगतदार असते, पण बरेचदा ती घटनेनंतर, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली असते. पत्र रुक्ष असतं. किती स्वार निघाले, किती पैसे हवेत, धान्य कुठे अडलं. ही पत्रं गोळा करायला हा माणूस गावोगाव फिरला.

भाऊ गाडी चालवताना म्हणाला, "म्हणजे पॉडकास्ट बखर आणि तुझी स्प्रेडशीट कागद."

मी म्हटलं, "हो. आणि कागद मी दाबून ठेवला."

यावर तो काही बोलला नाही.

त्याच्या मूळ प्रश्नाचं काय? कोडिंग संपलं की नाही, मला ठाऊक नाही. मी रोज एआयकडून कोड लिहून घेतो. काही कामं चार तासांवरून वीस मिनिटांवर आली आहेत, काही ठिकाणी त्याने केलेला घोळ निस्तरण्यात माझी दुपार जाते. त्याला मी एवढंच सांगितलं की ब्रँच बदलायची तर बदल, पण त्या दोन खुर्च्यांमधल्या माणसांचं ऐकून नको.

आम्ही त्याचा कॉलेजचा मिनी प्रोजेक्ट उघडला, लायब्ररीतल्या पुस्तकांच्या नोंदींचा. एआयला तोच करायला सांगितला. दहा मिनिटांत स्क्रीन उभी राहिली, आमच्यापेक्षा देखणी. भावाचं तोंड उतरलं. मग त्याने एकच पुस्तक दोन विद्यार्थ्यांच्या नावावर टाकून पाहिलं. दोघांनाही मिळालं. तो तासभर ते दुरुस्त करत बसला, आणि मला वाटतं, दुसऱ्या वर्षात पहिल्यांदाच त्याला त्या विषयातलं काही खरोखर कळलं.

मामांनी यंदाही केळी लावली आहे. मागच्या महिन्यात पानाचा एक फोटो पाठवला, खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. मी उत्तर दिलं, "मामा, मला कळत नाही. जळगावच्या केळी संशोधन केंद्रात पान घेऊन जा, ते हातात घेऊन बघतील."

त्यांचा अंगठा आला. त्याखाली मी ती जुनी स्प्रेडशीट पाठवली, दोन वर्षं उशिरा.