रुतलेली जहाजं

संध्याकाळी जुहूच्या वाळूवर चालताना कानात टिम हारफर्ड असतो. बीबीसीवरची त्याची ‘फिफ्टी थिंग्ज दॅट मेड द मॉडर्न इकॉनॉमी’ ही मालिका मला फार आवडते. परवा त्यातला कंटेनरचा भाग पुन्हा ऐकला आणि ती पत्र्याची पेटी डोक्यातून जाईना. 26 एप्रिल 1956 ला ‘आयडियल एक्स’ हे जहाज 58 पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल चढवायला टनामागे पाच डॉलरच्या वर खर्च यायचा, तो सोळा सेंटांच्या आसपास आला. आपल्याकडे 1989 मध्ये न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं, पेट्या खाडीपलीकडे गेल्या आणि मुंबई गोदीतलं पाठीवरचं काम आटत गेलं. गिरण्यांवर आपण इतकं लिहिलं. गोदीवर नाही, याची मला खंत वाटते.

व्हिडिओ मला फारसे मानवत नाहीत. रे डालिओचा अर्ध्या तासाचा ‘हाउ द इकॉनॉमिक मशीन वर्क्स’ हा अपवाद. कर्जाचं चक्र त्या साध्या चित्रांतून लख्ख कळतं. पण लाल बाण आणि ‘डॉलर कोसळणार!’ असली शीर्षकं पाहिली की मी पुढे सरकते. ऐकताना डोळे मोकळे राहतात, आणि जुहूला ते मोकळे हवेत.

जून 2011 मध्ये इथे ‘एमव्ही विस्डम’ येऊन रुतलं होतं. कोलंबोहून अलंगला भंगारात निघालेलं मालवाहू जहाज. ओढून नेणाऱ्या टगबोटीपासून सुटलं आणि वाऱ्या-लाटांबरोबर थेट किनाऱ्याला लागलं. सगळी मुंबई बघायला लोटली. मीही गेले होते. भर पावसात कणीसवाल्यांचा धंदा जोरात, पोरं बापाच्या खांद्यावर, आणि समोर इमारतीएवढं गंजकं लोखंड, पापुद्रे सुटलेलं. पोहोचलं असतं तर अलंगच्या मोठ्या भरतीत त्याला असंच मुद्दाम वाळूवर चढवलं असतं. मग गॅसकटरने तुकडे, तुकड्यांच्या सळया आणि सळयांच्या इमारती. त्याला ओढून नेलं, तोवर 31 जुलैला ‘पवित’ हा छोटा टँकर आला. ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेला. बुडाला असंच सगळे धरून चालले होते. तो माणसांवाचून अरबी समुद्र ओलांडून आला आणि कुणाला पत्ता नाही! 26/11 ला तीन वर्षंही झाली नव्हती, लोक संतापले ते रास्तच होतं. त्याच्यावर झेंडा पनामाचा. मालक एका देशात, नोंदणी दुसऱ्यात, खलाशी तिसऱ्यातले; कर आणि नियम जिथे हलके तिथला झेंडा, ही जहाजधंद्यातली सर्रास रीत. कमाईच्या वेळी मालक असतो. जहाज वाळूत रुतलं की त्याला शोधत बसावं लागतं. पुढे एका पॉडकास्टमध्ये या झेंड्यांबद्दल ऐकलं, तेव्हा मला वेगळं काही समजावून घ्यावं लागलं नाही. ते गंजकं बूड मी पाहिलेलं होतं.

बाहेरचं जग जुहूला उतरायला लागलं ते या जहाजांच्या कितीतरी आधी. 15 ऑक्टोबर 1932 ला, इम्पीरियल एअरवेजने लंडनहून कराचीला आणलेली टपाल जे. आर. डी. टाटांनी ‘पुस मॉथ’मधून अहमदाबादमार्गे इथे आणली, पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ती मद्रासला घेऊन गेले. विमानतळ म्हणजे नुसतं मातीचं मैदान. पावसाळ्यात तिथे पाणी भरायचं, मग सगळा कारभार पुण्याला हलायचा.