पंधरा पैशांतलं शिरपूर

कार्डाच्या कोपऱ्यात आजोबांचा पत्ता : शिरपूर जैन, जि. अकोला. दचकू नका, वाशीम जिल्हा वेगळा झाला तो १९९८ मध्ये. हे पंधरा पैशांचं पोस्टकार्ड १९८७ चं, दुसरीतल्या माझ्या नावानं आलेलं. 'इथला देव अधांतरी आहे. खालून कापड आरपार जातं म्हणतात. सुट्टीत ये, खिडकीतून दाखवतो.'

खिडकीतून का, ते मात्र लिहिलं नव्हतं. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या या मंदिराला श्वेतांबर-दिगंबर वादामुळे १९८१ पासून कुलूप होतं. मोठ्यांचं भांडण पोराला कशाला सांगा, एवढाच हिशेब असणार. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं दार उघडलं २०२३ मध्ये. आजोबा तेव्हा नव्हते.

मी गेलो, तो दारातून. काळीभोर मूर्ती, समोर दोन्ही पंथांची माणसं. कापड सरकवून बघावंसं वाटलंच नाही.

तुम्हीही एक वीकएण्ड काढा. रेल्वेनं वाशीम, पुढे एसटी. आणि हो, भाच्याला तिथून एक पोस्टकार्ड टाका. एसएमएस कोण पस्तीस वर्षं जपून ठेवतं?