हात वर

आमच्या घरात फुटबॉल आला तो लेकीमुळे. नवऱ्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ बदली होऊन दुसऱ्या गावी गेले आणि जाताना डॉर्टमुंडच्या झूडट्रिब्यूनचा आपला पास हिला देऊन गेले. झूडट्रिब्यून म्हणजे दक्षिणेकडचा, उभ्याने मॅच बघायचा स्टँड. जवळजवळ 25,000 माणसं तिथे दीड-दोन तास उभी असतात, वर गातातही. मी दोनदा गेले. माझे गुडघे तिसऱ्यांदा जाऊ देतील असं वाटत नाही. :-)

तर आज खेळाबद्दल नाही, आत शिरण्याबद्दल लिहायचंय.

दारात झडती होते. बायकांची रांग वेगळी, कारण बायकांना बाईनेच तपासायचं. पण तपासणाऱ्या बायका पुष्कळदा कमी असतात, त्यामुळे पुरुष भराभर आत जातात आणि आम्ही तिष्ठत. दंडापासून कमरेपर्यंत हात फिरतो, खिसे चाचपतात, पिशवी उघडतात. पिशवी ए-फोर कागदाहून मोठी असेल तर परत जाऊन ठेवून या. हे सगळं करणारा ऑर्डनर पोलीस नसतो. त्याला पोलिसांचे अधिकार नाहीत. स्टेडियम ज्याचं, त्याच्या घरचे नियम तो राबवतो. तुम्ही नको म्हणू शकता, मग तो आत सोडत नाही, इतकंच. कितीतरी ऑर्डनर म्हणजे शनिवारपुरतं काम करणारी कॉलेजची मुलं असतात, पावसात चार-चार तास उभी. त्यांच्यावर मला रागावता येत नाही.

लेक मात्र गेल्या मोसमात एका बाहेरगावच्या मॅचहून आली ती धुमसतच. (गाव सांगत नाही.) पाहुण्यांच्या दारात तिला बूट काढायला लावले, मोजे उलटे करून दाखवायला लावले, आणि पिशवीतला सॅनिटरी पॅडचा पुडा टेबलावर सगळ्यांदेखत उघडला. त्याच वेळी शेजारच्या दारातून यजमान संघाचे लोक खिशावर एक थाप खाऊन आत चालले होते.

"आई, मी पिवळा स्कार्फ घातला म्हणून मी संशयित का?"

मला पटकन उत्तर देता येईना. खरं सांगायचं तर मला त्यात रागावण्यासारखं आहे हेच आधी लक्षात आलं नाही. वीस वर्षं या देशात, या रंगाच्या कातडीत विमानतळांवरून जा-ये केल्यावर समोर गणवेश दिसला की माझे हात आपोआप वर होतात. कुणी सांगावं लागत नाही. तिचे होत नाहीत. ती इथे जन्मलेली, तिला आधी कारण हवं असतं.

फोनवर आजीला सांगितलं तर आजी म्हणाल्या, "अगं, सिद्धिविनायकालासुद्धा तपासतात की. बाप्पा रागावतो का?" आजींचंही बरोबर. आपल्याकडे 2008 नंतर मॉल, थिएटर, स्टेशन सगळीकडे चौकटी आल्या. सीएसटीची चौकट तर कोकलत राहते आणि लोक तिच्यातून लोकल पकडायला धावत राहतात. आपण झडतीला रांगेचाच एक भाग धरतो.

इथले समर्थक तसं धरत नाहीत, आणि हे आजचं नाही. 2012 च्या मे महिन्यात ड्यूसलडॉर्फ आणि हेर्था बर्लिनच्या मॅचमध्ये लोक मैदानात घुसले, त्या मोसमात मशालीही पेटत होत्या. मग लीगने सुरक्षेचा एक आराखडा आणला. त्यात दारावर कसून अंगझडतीची कल्पना होती. नोव्हेंबरात म्युनिकला फ्रँकफुर्टहून आलेल्या काही समर्थकांना चक्क तंबूत नेऊन तपासलं, तेव्हा तर भडकाच उडाला. मतदान 12 डिसेंबरला होतं. त्याआधीच्या सामन्यांत देशभरच्या समर्थकांनी ठरवून पहिली 12 मिनिटं आणि 12 सेकंद तोंडातून आवाज काढला नाही. हजारो माणसं गप्प, ऐकू येतंय ते फक्त चेंडूला बसलेली लाथ आणि खेळाडूंची ओरड. मी तेव्हा टीव्हीवर पाहिलं होतं, फुटबॉलमधलं काही कळत नसतानाही अंगावर काटा आला. आराखडा तरीही मंजूर झाला.

मग 13 नोव्हेंबर 2015. पॅरिसला फ्रान्स विरुद्ध जर्मनी चालू असताना स्टेडियमच्या बाहेर तिघांनी स्वतःला उडवलं. चारच दिवसांनी हॅनोव्हरची मॅच ऐन वेळी रद्द. त्यानंतर पिशव्या लहान झाल्या, रांगा लांब झाल्या, आणि फारसं कुणी कुरकुरलं नाही. लेकीच्या स्टँडमधले एक आजोबा तिला म्हणाले, खिशांवरून हात फिरवला तर माझं काय जातं, माझी नातवंडं आत असतात. हेही समर्थकांचंच मत आहे, फक्त त्याचे बॅनर लागत नाहीत.

पण त्याच पॅरिसच्या त्याच स्टेडियमची 2022 ची गोष्ट मला जास्त भिववते. चॅम्पियन्स लीगची फायनल, लिव्हरपूल आणि रेआल माद्रिद. दाराच्या बऱ्याच आधी, महामार्गाखालच्या अरुंद वाटेत तपासणीचा एक टप्पा ठेवला आणि तिथेच माणसं तुंबली. नंतर फाटकांपाशी अश्रुधूर, मॅच अर्ध्या तासाहून जास्त उशिरा. सरकारने खापर बनावट तिकिटांवर आणि उशिरा आलेल्या समर्थकांवर फोडलं. 2023 च्या फेब्रुवारीत स्वतंत्र अहवाल आला, त्यात मुख्य जबाबदारी यूएफाची ठरली. आणि हे कुणाच्या वाट्याला आलं? लिव्हरपूलच्या, ज्यांची 97 माणसं 1989 मध्ये हिल्सबरोला चेंगरून गेली आणि ज्यांना 'चूक समर्थकांची नव्हती' हे न्यायालयातून ऐकायला 2016 उजाडलं.

म्हणजे झडती घेणारा हात आणि झडतीसाठी अडवलेली गर्दी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मला भीती दुसऱ्याची वाटते, लेकीला चीड पहिल्याची. आणि एवढं चाचपूनही मशाली आत जातातच, दर आठवड्याला टीव्हीवर दिसतात. मग ते मोजे उलटे करून नेमकं काय सापडलं?

2025 च्या नोव्हेंबरात पुन्हा तेच. गृहमंत्र्यांच्या बैठकीआधी नावासकट तिकिटं आणि चेहरा ओळखणारे कॅमेरे यांची चर्चा सुरू झाली, हजारो समर्थक लाइपझिगला मोर्चाला गेले, स्टेडियमं पुन्हा बारा मिनिटं गप्प. लेकही गप्प उभी होती. तिला गप्प बसवणं मला कधी जमलेलं नाही!

त्या बाहेरगावच्या क्लबाला तिने पत्र लिहिलं. मी म्हटलं दाखव, मी जर्मन तपासते. तिने उलट माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चहा करायला उठले. पत्रात दोनच मागण्या आहेत: बायकांच्या रांगेला पुरेशा तपासनीस, आणि पिशवी उघडायच्या टेबलाला आडोसा. झडती नको असं तिने कुठेही लिहिलेलं नाही. ते मात्र मला वाचल्यावर कळलं.

उत्तर आलेलं नाही अजून. येत्या शनिवारी परत बाहेरगावची मॅच आहे. काल तिने बुटांच्या कपाटातून नाडी नसलेले बूट शोधून काढले, पटकन निघणारे.